चेहरा आधी, गाणं नंतर

कंट्री गाण्याकडे लक्ष वेधायला प्रसिद्ध चेहरा वापरणं म्हणजे संगीताशी प्रतारणा, असं म्हणणाऱ्यांनी जरा १९६६ साल आठवावं. आरसीए कंपनीने चार्ली प्राइडच्या सुरुवातीच्या तबकड्या अमेरिकेतल्या रेडिओकेंद्रांना पाठवल्या, त्या त्याच्या फोटोशिवाय. गायक कृष्णवर्णीय आहे हे कळलं तर निवेदक तबकडी लावणारच नाहीत, ही धास्ती! आवाज आवडला, पण चेहरा लपवल्यावर. म्हणजे ‘फक्त गाणं ऐका’ असा सोवळा काळ इथे कधी नव्हताच.

२०२४ साली ‘काउबॉय कार्टर’च्या मुखपृष्ठावर बियॉन्से पांढऱ्या घोड्यावर बसून आली. जाहिरातच ती, नाही कोण म्हणतं? पण त्याच अल्बममध्ये लिंडा मार्टेलही ऐकू येते. १९७० साली ‘कलर मी कंट्री’ हा अल्बम करून विस्मरणात गेलेली ही गायिका त्या प्रसिद्ध चेहऱ्यामुळे नव्या श्रोत्यांपर्यंत पोचली. तिचं गाणं तर पन्नास वर्षं तिथेच होतं.

जाहिरातबाजीला खुशाल नावं ठेवा. पण ज्यांनी दार कायम चेहरा बघूनच उघडलं, त्यांनी आता आपल्याला सुरांचं पावित्र्य शिकवू नये.