आधी मेन बंद, मग ड्रिल सुरू

पडद्याचा रॉड किंवा फोटोफ्रेम लावायला कॉर्डलेस ड्रिल घेताय? आधी भिंत पाहा. लाकूड, प्लायवूडसाठी १२ व्होल्टचं साधं ड्रिल पुरतं. विटांच्या भिंतीसाठी हॅमर मोड असलेलं १८ व्होल्टचं घ्या आणि त्याला मेसनरी बिट लावा. काँक्रीटच्या बीमला मात्र रोटरी हॅमरच बरा.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, प्लास्टरआड वायर असू शकते. कॉर्डलेसचा खरा फायदा इथेच आहे. घरातला मेन स्विच बंद ठेवूनही काम करता येतं. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. डोळ्यांवर सेफ्टी गॉगल हवाच. काम झालं की बॅटरी काढा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.