पाणी जातं कुठे?

लोड बॅलन्सर कसा चालतो हे टीममध्ये नवीन आलेल्या पोरांना समजवायचं असलं की मी हल्ली फळ्यावर जकार्ताचा नकाशा काढतो. पोरं आधी एकमेकांकडे बघतात, मग माझ्याकडे. पण खरंच सांगतो, इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही. शिवाय त्यात एक गोष्ट अशी आहे जी लोड बॅलन्सरच्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेली नसते. आजचा लेख त्या गोष्टीबद्दल.

आधी थोडा भूगोल. जकार्ताच्या उत्तरेला समुद्र आणि दक्षिणेला डोंगर. डोंगरातून निघालेल्या तेरा नद्या या सपाट शहरातून समुद्राकडे जातात. चिलिवुंग, चिपिनांग, चिदेंग... सुंदानी भाषेत 'चि' म्हणजे पाणी किंवा नदी. यातली चिलिवुंग सगळ्यात महत्त्वाची. ती चहाच्या मळ्यांतून, बोगोर गावावरून उतरते आणि थेट शहराच्या पोटात शिरते. बोगोरजवळच्या कातुलाम्पा बंधाऱ्यावर पाणी चढलं की साधारण नऊ ते बारा तासांनी जकार्ताला दणका बसतो. डोंगरात संध्याकाळी पाऊस, शहरात पहाटे पूर.

१६१९ साली डचांनी इथे बटाव्हिया वसवलं आणि अगदी मायदेशासारखे कालवे खणले. फक्त मायदेशात असा धो धो पाऊस आणि असा गाळ नव्हता. कालवे तुंबले, रोगराई पसरली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर-जनरल डांडेल्सने राज्यकारभार दक्षिणेकडच्या जरा उंच भागात हलवला. पूर मात्र पाठ सोडेनात. १९१८ साली मोठा पूर आला. हेर्मान व्हॅन ब्रीन नावाच्या सरकारी इंजिनियरने आखलेली योजना मग प्रत्यक्षात येऊ लागली आणि विशीच्या दशकात शहराला नवा कालवा मिळाला. डच भाषेतही त्याचं नाव 'बांजिर कनाल' असंच. बांजिर हा मलय शब्द, अर्थ पूर. आज तो पश्चिम पूर कालवा म्हणून ओळखला जातो.

कल्पना अगदी साधी. चिलिवुंग शहरात शिरायच्या आधीच, मांगाराई इथे तिला अडवायचं. तिथे दरवाजे बसवायचे. जुन्या पात्रात, म्हणजे शहराच्या मध्याकडे, झेपेल तेवढंच पाणी सोडायचं आणि बाकीचं पश्चिमेला वळवून, शहराला वळसा घालून समुद्रात न्यायचं. झाला की नाही लोड बॅलन्सर? :-)

आता ती मॅन्युअलमध्ये नसलेली गोष्ट. आपला लोड बॅलन्सर फारच भार आला तर रिक्वेस्ट टाकून देतो. युजरला एरर दिसते, तो चरफडतो, पुन्हा बटण दाबतो. पाणी असं टाकून देता येत नाही. ते कुठे तरी जातंच. म्हणजे पूर कालवा पूर संपवत नाही, तो पूर कोणाकडे जाणार ते ठरवतो.

आता नकाशा पुन्हा बघा. कालव्याच्या उत्तरेला काय आहे? सरकारी कचेऱ्या, आज जो राष्ट्रपतींचा राजवाडा आहे तो, आणि मेन्तेंग. मेन्तेंग म्हणजे १९१०च्या दशकात युरोपियनांसाठी आखलेली बंगल्यांची आणि बागांची वसाहत. आजही तिथे बड्यांची घरं आहेत. (ओबामा लहानपणी तिथल्याच शाळेत जायचे.) आणि दरवाजांच्या वरच्या अंगाला? बुकित दुरी, काम्पुंग मलायू, काम्पुंग पुलो. नदीला खेटून दाटीवाटीने वसलेल्या गरिबांच्या वस्त्या. मांगाराईला पाणी ९५० सेंटिमीटरच्या वर गेलं की सर्वोच्च इशारा. जुन्या पात्राचं दार बंद ठेवलं आणि कालवा भरून वाहत असला की पाणी मागे फुगतं. मागे कोण राहतं ते आत्ताच सांगितलं.

व्हॅन ब्रीनला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. हातात असलेल्या रिक्वायरमेंटप्रमाणे त्याने चांगलं काम केलं. १९३०च्या जनगणनेत बटाव्हियाची वस्ती साधारण ४ लाख ३५ हजार होती. आज नुसत्या शहरातच एक कोटीच्या वर माणसं आहेत. शंभर वर्षं चाललेली सिस्टीम आपल्यापैकी किती जणांनी लिहिली आहे? माझा आक्षेप पुढच्यांवर आहे. देश स्वतंत्र झाला, रस्त्यांची नावं बदलली, पण 'आधी कोणाला वाचवायचं' ही जुनी सेटिंग तशीच राहिली. कोणी ठरवून ठेवली असंही नाही. कोणी उघडून बघितलीच नाही. लेगसी कोडमध्ये असंच होतं ना? लॉजिक सगळे वाचतात, डिफॉल्ट व्हॅल्यू कोणी वाचत नाही.

१७ जानेवारी २०१३ ला लातुहारहारी रस्त्याजवळ या कालव्याचा बांध फुटला आणि पाणी उलट्या बाजूला, मेन्तेंग आणि थामरिन रस्त्यावर घुसलं. एका टोलेजंग इमारतीच्या तळघरात अडकून माणसं दगावली. राजवाड्याच्या आवारात पँट दुमडून पाण्यात उभ्या असलेल्या राष्ट्रपती युधोयोनोंचा फोटो जगभर गेला. एरवी पाणी कोणाच्या घरात जातं हा प्रश्न त्या दिवशी देशाला पडायला हवा होता.

पुढे काय झालं? नदी रुंद करायची म्हणून २०१५ मध्ये काम्पुंग पुलो आणि २०१६ मध्ये बुकित दुरीतली घरं पाडली. म्हणजे ज्यांच्या घरात पाणी जायचं, त्यांचीच घरं गेली. लोकांना सरकारी इमारतींत भाड्याची घरं दिली. बुकित दुरीच्या बऱ्याच लोकांना तर पार शहराच्या पूर्व टोकाला. ते कोर्टात गेले आणि २०१७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण निकालाने पाडलेलं घर परत उभं राहत नाही.

नदीला जागा हवी, हे मला मान्य आहे. पण जागा द्यायची वेळ आली की दर वेळी तेच का?

दुसरे मार्ग नव्हते असं नाही. १९७३च्या आराखड्यात पूर्वेलाही एक कालवा होता. त्याचं काम सुरू झालं २००३ मध्ये आणि तो समुद्राला मिळाला २००९च्या अखेरीस. २३ किलोमीटरच्या कालव्यासाठी ३६ वर्षं. चिलिवुंगचं थोडं पाणी त्या कालव्यात वळवणारा बोगदा तर थेट २०२३ मध्ये सुरू झाला. लांबी जेमतेम सव्वा किलोमीटर! बांधकाम अवघड होतं म्हणून इतका वेळ लागला असं मला नाही वाटत. पैसा आणि भूसंपादन या अडचणी होत्याच, पण पाणी भरत होतं ते ज्यांच्या तिकिटाला प्रायॉरिटी नाही त्यांच्या घरात.

आता तर खालची जमीनच खचतेय. बेसुमार बोअरवेलमुळे उत्तर जकार्ताचे काही भाग गेल्या काही दशकांत कित्येक मीटर खाली गेलेत, समुद्राच्या पातळीच्याही खाली. पाणी उताराने समुद्रात जाईल हे गृहीत धरून आखलेल्या शहरात आता पंप लावून पाणी उपसावं लागतं. २०१३च्या त्या पुरात प्लुइतचे पंपच पाण्याखाली गेले होते. दरम्यान बोर्निओ बेटावर नुसंतारा ही नवी राजधानी बांधायला घेतली आहे. सर्व्हर हलवता येतो हो, युजर तिथेच राहतात.

म्हणून माझं मत एवढंच. पूर कालवा, बोगदा, नदीकाठची भिंत, काहीही असो, त्याच्या नकाशात पाणी कुठून येतं आणि कुठे वळतं हे बाण असतातच. अजून एक बाण सक्तीचा हवा. सगळं भरलं तर पाणी कोणाच्या दारात जाणार? ते उत्तर आधी लिहायचं आणि त्या दारात जाऊन, बांधकाम सुरू व्हायच्या आधी, तिथल्या माणसांना वाचून दाखवायचं. त्यांनी 'का?' विचारलं तर आपल्याकडे सांगण्यासारखं काही तरी असावं.

पोरांना मी शेवटी हेच सांगतो. डिझाइन करताना फेल्युअर केस लिहा, आणि त्यात माणसं कोण आहेत तेही लिहा.