सांगाडा शाबूत आहे

ऑकलंडमध्ये महापालिकेकडे नाव नोंदवलं की वर्षातून एकदा घरातलं मोठं अडगळीचं सामान उचलून नेतात. इथे त्याला ‘इनऑरगॅनिक’ म्हणतात. ठरलेल्या दिवसाआधी लोक मोडकी टेबलं, बंद पडलेली यंत्रं, जुनी कपाटं आवारात काढून ठेवतात आणि त्या ढिगात सोफा हमखास असतो. गेल्या महिन्यात आमच्या शेजारी असाच एक तीन जणांचा सोफा आणि त्याच्या जोडीच्या दोन खुर्च्या बाहेर आल्या. कापड विटलेलं, हातांच्या कडा फाटलेल्या, बसायची जागा खोल गेलेली. मी विचारून एक खुर्ची उलटी केली. खालचं कापड एका कोपऱ्यात सुटलं होतं आणि आत लालसर तपकिरी लाकूड दिसत होतं. सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी जोडलेले, एकही हलत नव्हता. ते रिमू होतं.

रिमू हा न्यूझीलंडचा देशी वृक्ष. तो पुरता वाढायला शेकडो वर्षं लागतात. वेस्ट कोस्टच्या सरकारी जंगलांतली त्याची तोड २००२ मध्ये थांबली, ती लोकांनी अनेक वर्षं लढा दिल्यावर. आज नवं रिमू मिळतं ते फार थोडं आणि महाग. पण १९३८ मध्ये सरकारने आयातीवर परवाने बसवले, तेव्हापासून पुढची काही दशकं या देशाने आपलं फर्निचर बहुतेक स्वतःच बनवलं आणि त्यासाठी रिमू सर्रास वापरलं. १९८४ नंतर बाजार खुला झाला, बाहेरचा माल आला. त्या जुन्या खुर्च्या मात्र अजून घराघरांत, गॅरेजांत, जुन्या वस्तूंच्या ऑप शॉपमध्ये आहेत. जे झाड आज सहजासहजी तोडता येत नाही, त्याचं लाकूड कापड फाटलं म्हणून कचऱ्याच्या डोंगरात गाडलं जातं. मला हे बघवत नाही.

मी त्या दोन्ही खुर्च्या माऊंट रॉस्किलच्या बाजूला असलेल्या एका अपहोल्स्टररकडे, म्हणजे सोफे-खुर्च्या नव्याने मढवणाऱ्या कारागिराकडे नेल्या. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, घरामागच्या शेडमध्ये काम करतात. त्यांनी माझ्यासमोरच एक खुर्ची सोलायला घेतली. वरचं पॉलिएस्टर निघालं, त्याखाली मोहरीच्या रंगाचं जुनं कापड सापडलं. म्हणजे या खुर्चीचं एकदा कोणीतरी आधीच केलेलं होतं. मग कापसाचा थर, मग काथ्या, मग गोणपाट. गोणपाटाखाली स्प्रिंगा, प्रत्येक स्प्रिंग शेजारणीला सुतळीने बांधलेली, आणि तळाला तागाचे पट्टे एकमेकांत विणलेले, आपल्याकडे खाटेला निवार भरतात तसे. पट्टे कुजले होते, म्हणून बसायची जागा खोल गेली होती. बाकी काही बिघडलं नव्हतं. त्यांनी स्प्रिंग दाबून सोडली. ती सरळ वर आली. “ही माझ्यापेक्षा जास्त जगेल,” ते म्हणाले.

या धंद्यात शिकाऊ पोरं पूर्वी चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात धरायची. जिभेने एकेक चूक पुढे सरकवायची, चुंबकाच्या हातोडीने ती ओठांवरून उचलायची आणि त्याच फटक्यात लाकडात ठोकायची. त्या गृहस्थांनी तसं करून दाखवलं. हात थरथरत नव्हता. हे आता तुम्ही कुणाला शिकवता का, असं मी विचारलं. शिकायला येतो कोण, म्हणाले.

या कामाचा त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून आमच्या मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, “अगं, एवढ्यात नवा कोरा सोफा येतो! पुण्याला तर माणूस घरी येऊन व्हरांड्यात बसून करून देतो.” काकूंचं खरं आहे. पण पुण्याचा तो माणूस दिवसभर पाठ वाकवून काय घरी नेतो, तेही आपल्याला माहीत आहे. तिथली दुरुस्ती स्वस्त पडते, कारण कारागिराचा दिवस स्वस्त आहे. इथे २०२५ च्या एप्रिलमध्ये किमान वेतनच तासाला साडेतेवीस डॉलर झालं, आणि हे कसबी काम. एका खुर्चीला दोन-तीन दिवस सहज जातात, पाच-सहा मीटर कापड लागतं. ती किंमत जास्त नाही, ती पुरी किंमत आहे. नव्या सोफ्याची किंमतच मला अपुरी वाटते. तो शिवणाऱ्याची मजुरी कुठल्या देशात किती पडली, हे दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. आणि दहा वर्षांनी तो गाडायचा खर्च तर त्यात जवळजवळ नसतोच. इथे कचराभूमीवर टाकलेल्या प्रत्येक टनामागे सरकार कर घेतं. २००९ मध्ये तो दहा डॉलर होता, २०२५ च्या जुलैत पासष्ट झाला. तरी हिशेब करा: त्या दराने पन्नास किलोच्या सोफ्यावर हा कर सव्वातीन डॉलर पडतो. एका कॉफीच्या पैशाएवढा कर भरून लाकूड, फोम, लोखंड आणि पॉलिएस्टर एकत्र गाडून मोकळं व्हायचं.

आणि हे सगळं कुठल्या देशात? जिथे लोकर पडून आहे. १९८२ च्या सुमारास इथे सात कोटी मेंढ्या होत्या, आता अडीच कोटींच्याही खाली आल्या. यांची बहुतांश लोकर जाडीभरडी. ती अंगावर घालायला टोचते, पण गालिच्याला आणि सोफ्याच्या कापडाला उत्तम: टिकाऊ, आणि सहजासहजी पेट न घेणारी. अलीकडे काही वर्षं तर मेंढी कातरायची मजुरी लोकरीच्या दरापेक्षा जास्त पडत होती. शेतकरी कातरायचा ते मेंढीच्या भल्यासाठी, पैशासाठी नाही. कांद्याला काढणीचाही खर्च न मिळालेला आपला शेतकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको. त्याच वेळी दिवाणखान्यात येतो तो खनिज तेलापासून बनलेल्या कापडाचा सोफा. म्हणून मी खुर्च्यांना इथल्याच लोकरीचं कापड निवडलं. महाग पडलं. बाहेर फिरायला जायचा एक बेत पुढे ढकलला.

२०२५ च्या डिसेंबरात सिल्विया पार्कला आयकियाचं देशातलं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा आमच्या मराठी ग्रुपवर आनंदाला उधाण आलं होतं. नव्याने आलेल्या, दोन बॅगांवर संसार मांडणाऱ्या जोडप्याला परवडणारं सामान मिळालं, याचं मलाही बरं वाटतं. माझं म्हणणं त्यांच्यासाठी नाही. ते आमच्यासारख्या पंधरा-वीस वर्षं इथे रुजलेल्या घरांसाठी आहे, जिथे सोफा बदलतो तो भिंतीचा रंग बदलला म्हणून.

प्रत्येक जुना सोफा वाचवावा असंही नाही. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचा सांगाडा असेल, तर त्यात स्क्रू दुसऱ्यांदा धरत नाही, त्यावर पैसे घालू नयेत. पारख सोपी आहे. पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसरा पुढचा पाय लगेच वर आला, तर सांगाडा घट्ट. तो जमिनीलाच चिकटून राहिला, तर मधली चौकट पिळवटते आहे. दोन्ही हात धरून आतबाहेर हलवा, कुरकुरतात का ऐका. मग उलटा करून खालचं कापड थोडं उचका आणि लाकूड बघा. कापड घेताना मार्टिनडेलचा आकडा विचारा. कापड घासून घासून किती टिकतं, याची ती चाचणी. घरातल्या रोजच्या वापराला पंचवीस हजार पुरे होतात.

महापालिकेकडेही एक मागणं आहे. इनऑरगॅनिकमधल्या चांगल्या वस्तू इथे सामुदायिक पुनर्वापर केंद्रांकडे जातात, आणि ती केंद्रं मनापासून काम करतात. वेस्टर्न स्प्रिंग्जचं वाइओरेआ केंद्र बघून यावं असं आहे. रॅग्लनसारख्या छोट्या गावाने तर २००० पासून हे काम उभं केलं आणि आपला बहुतेक कचरा जमिनीत जाण्यापासून वाचवला. पण फाटका सोफा कुठल्याच दुकानात विकला जात नाही. त्याला कारागीर लागतो. कचऱ्याच्या करातून जमणाऱ्या पैशातला थोडा भाग दर केंद्रात एक अपहोल्स्टरर आणि त्याच्या हाताखाली दोन शिकाऊ ठेवायला द्यावा. शिकवणारे हात अजून आहेत, पण ते सत्तरीचे आहेत. ही सोय पाच वर्षांनी केली तर शिकवायला कोण उरेल? मी आमच्या लोकल बोर्डाला तसं पत्र लिहिलं आहे. तुम्हीही आपापल्या बोर्डाला लिहा, आणि गॅरेजमध्ये जुना सोफासेट असेल, तर गाडी बोलावण्याआधी त्यातली एक खुर्ची उलटी करून बघा.