सहा-सहा मिनिटांचा हिशेब



यंदाच्या जयंतीच्या कार्यक्रमात भोजन उरकल्यावर सभागृहातील खुर्च्या आवरताना एका काकांशी गप्पा झाल्या. तीस वर्षांपूर्वी नागपूरहून अमेरिकेत आलेले हे गृहस्थ आपल्या कन्येविषयी भरभरून बोलत होते. ती मॅनहॅटनमधील एका बड्या लॉ फर्ममध्ये असोसिएट आहे. तिचे हे तिसरे वर्ष. "मी निवृत्त होताना जो पगार घेत होतो, त्यापेक्षा हिचा पहिला पगार जास्त होता," हे सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता. ते चहा आणायला गेले तेव्हा इतका वेळ गप्प उभी असलेली ती हलकेच म्हणाली, "दादा, मला ही नोकरी सोडायची आहे. बाबांना कसं सांगू?"

त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. या महिन्याचे सदर म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

असोसिएट म्हणजे फर्ममधील पगारी वकील, जो अद्याप भागीदार झालेला नाही. न्यूयॉर्कमधील बड्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाच्या असोसिएटचा मूळ वार्षिक पगार २००७ साली १,६०,००० डॉलर झाला, २०१६ मध्ये १,८०,००० आणि २०२३ च्या अखेरीस २,२५,०००. एका फर्मने आकडा वाढवला की उरलेल्या बहुतेक काही दिवसांतच त्याची बरोबरी करतात. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो हा आकडा. आत काम करणाऱ्याला मात्र दुसराच आकडा दिसत राहतो, तो म्हणजे तासांचा.

या फर्म अशिलाकडून तासाप्रमाणे मोबदला घेतात. म्हणून प्रत्येक असोसिएटला आपल्या दिवसाची नोंद तासाच्या दहाव्या भागात, म्हणजे सहा-सहा मिनिटांत करावी लागते. कोणत्या अशिलासाठी, कोणते काम, किती मिनिटे. अमेरिकन बार असोसिएशनने १९५८ साली वकिलांना तासांची नोंद ठेवण्याचा सल्ला देणारी एक पुस्तिका काढली होती. वकिलाने वर्षाला साधारण १,३०० तास बिल करावेत, असा तिचा हिशेब होता. पुढे १९७५ मध्ये गोल्डफार्ब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनांनी ठरवलेली किमान शुल्काची कोष्टके बेकायदा ठरवली आणि तासाचा हिशेब अधिकच घट्ट झाला. आज अनेक बड्या फर्ममध्ये अपेक्षा १,९०० ते २,००० बिलेबल तासांची असते.

आठवड्याला चाळीस तास धरले तर वर्षाचे दोन हजार होतात, मग त्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु जेवण, प्रशिक्षण, कार्यालयीन बैठका, सहकाऱ्याला केलेली मदत यांचे बिल अशिलाला लावता येत नाही. येल विद्यापीठाच्या विधी विद्यालयाने विद्यार्थ्यांसाठी मांडलेल्या एका नमुना हिशेबात १,८०० बिलेबल तासांसाठी प्रवास व जेवण धरून सुमारे २,४०० तास घराबाहेर जातात. शिवाय हे तास सलग येत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता काम येते आणि सोमवारी सकाळी ते हवे असते. त्या मुलीला थकवले ते कामाच्या ओझ्यापेक्षा या अनिश्चिततेने. मैत्रिणीच्या लग्नाला जाता येईल की नाही, हे आदल्या दिवसापर्यंत तिच्या हातात नव्हते.

या व्यवस्थेचा साचा जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये पॉल क्रॅव्हाथ यांनी तो रुजवला. उत्तम विद्यापीठांतील हुशार पदवीधर निवडायचे, त्यांना काही वर्षे घडवायचे, त्यांतील मोजक्यांना भागीदार करायचे आणि उरलेल्यांनी निघून जायचे. शिडी वर निमुळती होत जाते. वरच्या थोड्या भागीदारांचे उत्पन्न खालच्या अनेकांच्या तासांवर उभे असते, म्हणून तास कमी करणे कोणाच्याच सोयीचे नसते. असोसिएटांपैकी बहुसंख्य जण पाच वर्षांत फर्म सोडतात. काका ज्याला मुक्कामाचे ठिकाण समजत होते, ते त्या व्यवस्थेने मुळातच बहुतेकांसाठी थांबा म्हणून बांधलेले आहे.

मग समाधानाचे काय? अमेरिकेत २००० साली सनद मिळालेल्या वकिलांचा अमेरिकन बार फाउंडेशनने दीर्घकाळ मागोवा घेतला. त्यात बहुसंख्य वकील वकिलीच्या निर्णयावर समाधानी आढळले. परंतु त्याच माहितीच्या आधारे रोनित दिनोविट्झर आणि ब्रायंट गार्थ यांनी २००७ मध्ये दाखवले, की सर्वांत नामांकित विद्यापीठांतून आलेले आणि बड्या फर्ममध्ये दाखल झालेले तरुणच तुलनेने अधिक असमाधानी होते. २०१५ मध्ये लॉरेन्स क्रीगर आणि केनन शेल्डन यांनी सहा हजारांहून अधिक वकिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पगार, परीक्षेतील क्रमांक, भागीदारी यांचा मनःस्वास्थ्याशी संबंध क्षीण निघाला. आपल्या कामावर आपले नियंत्रण असणे, काम येत असल्याची खात्री आणि माणसांशी जिव्हाळा यांचा संबंध मात्र दाट होता. सार्वजनिक सेवेतील कमी पगाराचे वकील प्रतिष्ठित नोकऱ्यांतील वकिलांपेक्षा अधिक समाधानी होते.

हे वाचताना मला माझी पुण्यातील पहिली नोकरी आठवली. आमच्या कंपनीतही माणसांचे दोन प्रकार होते, बिलेबल आणि बेंचवरचे. वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात वरिष्ठांनी मला एवढेच विचारले, की माझे किती टक्के तास ग्राहकाला लावले गेले. सहा महिने खपून दुरुस्त केलेल्या प्रणालीचा उल्लेखही झाला नाही. त्या दिवशी दुःख पगाराचे नव्हते. आपण केलेले काम कोणी पाहिलेच नाही, याचे होते.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नॅशनल असोसिएशन फॉर लॉ प्लेसमेंटच्या २०२३ च्या अहवालानुसार अमेरिकेतील फर्ममध्ये असोसिएटांपैकी सुमारे ३० टक्के गौरेतर आहेत, पण भागीदारांत हे प्रमाण सुमारे १२ टक्केच आहे. घरात पूर्वी कोणी वकील नसेल, तर कोणत्या भागीदाराचे काम मागून घ्यावे, कोणते टाळावे, हे सांगणारेही कोणी नसते.

काकांचा अभिमान मी हलका लेखत नाही. त्याला इतिहास आहे. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली सुरू केली तेव्हा अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर त्यांच्याकडे खटले देत नसत. ग्रेज इनच्या त्या बॅरिस्टरला उदरनिर्वाहासाठी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. ज्या समाजाच्या बॅरिस्टरला काम नाकारले गेले, त्या समाजाची मुलगी जगातील बड्या कंपन्यांचे करार तपासते, याचा आनंद होणारच. परंतु तीन पिढ्यांचे स्वप्न एकट्या मुलीच्या वेळापत्रकात कोंबणे योग्य नव्हे. दार उघडले याचा अर्थ त्याच खोलीत आयुष्यभर बसले पाहिजे असा होत नाही.

नोकरी सोडण्याचा निर्णय भावनेच्या भरात मात्र घेऊ नये. विधी शिक्षणाचे कर्ज एक लाख डॉलरांहून अधिक असू शकते. त्याचे हप्ते आधी कागदावर मांडावेत. शासकीय वा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम केल्यास १२० पात्र हप्त्यांनंतर उरलेले संघीय कर्ज माफ करणारी योजना २००७ पासून आहे. तिचे नियम नीट वाचावेत. कंपनीच्या स्वतःच्या विधी विभागात जाणे हाही रुळलेला मार्ग आहे. भारतातून एलएलएम करून आलेल्या आणि एच-१बी व्हिसावर असलेल्यांना नोकरी संपल्यावर साधारण ६० दिवसच मिळतात, म्हणून त्यांनी पुढची नोकरी हाती आल्यावरच राजीनामा द्यावा.

पालकांना एकच विनंती. मुले घरी आली की "बोनस किती मिळाला?" याच्या आधी "या आठवड्यात कोणतं काम आवडलं?" असे विचारून पाहा. उत्तर लगेच येईल असे नाही.

त्या ताईला मी गेल्या रविवारी फोन केला. तिने बाबांना अजून सांगितलेले नाही. हा लेख आधी त्यांना वाचायला देईन, म्हणाली. काका, आपण हे वाचत असाल तर कृपया तिला या रविवारी फोन करा. तीच बोलेल. आपण फक्त ऐका, आणि घड्याळ पाहू नका.