थांबणारे चित्र

वाचकहो, मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले आणि आमच्या गोंदियाकडचे गुरुजी मोबाइलच्या काचेत जाऊन बसले. नात रोज धडा पाही. पाही म्हणजे काय, चित्र पुढे पळे आणि मन बांधीत!

एके दिवशी चित्रच मध्ये थांबले. विचारू लागले, "रोवणीआधी चिखलणी का करतात?" उत्तरावाचून पुढे सरकेना. पोर गडबडली, चुकली, मागे जाऊन पुन्हा पाहून आली. "पाणी झिरपू नये म्हणून!" तिकडे गुरुजींनाही कळले, कोण कुठे अडखळले ते.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तर पुस्तकातच क्यूआर कोड छापून चित्रफिती पोरांच्या हाती दिल्या. २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांनाच मिळाला.

युक्ती मात्र जुनीच. झाडीपट्टीच्या नाटकात 'वन्स मोअर' आला की नट थांबतोच ना?

पण दुसऱ्या दिवशी घरातला एकुलता फोन बापाबरोबर शेतावर गेला. प्रश्न तिकडे, पोर इकडे! चित्र थांबायला शिकले, मंडळी. आता पोरांसाठी आपण केव्हा थांबणार?