परका कोण? सातारा-सांगलीच्या इतिहासाची साक्ष

१/ ‘ज्याच्याजवळ कागद नाही तो संशयित, ही जगाची सनातन रीत आहे,’ असा दावा हल्ली इतिहासाच्या नावाने छातीठोकपणे केला जातो. तो खोटा आहे. व्हिसा आणि पारपत्र यांची आजची व्यवस्था जेमतेम शंभर वर्षांची आहे, आणि तिची घडण पाहायला सातारा-सांगलीच्या बाहेर फारसे जावे लागत नाही.

२/ प्रथम प्रतिपक्षाचा बळकट मुद्दा मान्य करू. परकीयांवर नजर ठेवणे आपल्याकडेही होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांविषयी स्पष्ट ताकीद आहे: त्यांनी व्यापारासाठी यावे-जावे, पण किनाऱ्यावर कायमचे ठाणे देऊ नये, वखारीला जागा द्यावीच लागली तर ती समुद्रापासून आत द्यावी.

३/ पण निकष कोणता होता, ते पाहा. आरमार, तोफा, दारूगोळा आणि राज्यतृष्णा. दस्तके आणि परवाने तेव्हाही होते, मात्र ते मालाचे आणि वाटेचे. माणसाचे राष्ट्रीयत्व कायमचे ठरवणारा कागद अमात्यांना ठाऊक नव्हता.

४/ माणसालाच परवाना मागण्याची रीत कंपनी सरकारने कसोशीने पाळली. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना देशाबाहेर काढण्याचे हुकूम निघाले. कंपनीच्या मुलखात राहू पाहणाऱ्या युरोपीयांनाही तिची अनुमती लागे. हेतू उघड होता: मक्तेदारीत वाटेकरी आणि राज्यात साक्षीदार नकोत.

५/ आता उलट दिशेचा प्रवास. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले. त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ च्या अखेरीपर्यंत तिथे झुंजत राहिले. इतक्या वर्षांत ‘तुमचा व्हिसा संपला’ असे त्यांना कोणी म्हटले नाही, कारण तशी यंत्रणाच इंग्लंडात नव्हती.

६/ ती यंत्रणा पहिल्या महायुद्धाने जन्माला घातली. भारतात १९२० मध्ये पारपत्राचा कायदा आला. तासगाव तेव्हा ब्रिटिश सातारा जिल्ह्यात, तर सांगली पटवर्धनांच्या संस्थानात. परिणामी तासगावकर ‘ब्रिटिश प्रजाजन’ आणि पंचवीस-एक किलोमीटरवरचा सांगलीकर केवळ ‘ब्रिटिश-संरक्षित व्यक्ती’! भाषा एक, नातीगोती एक, कागद मात्र दोन.

७/ १९३९ मध्ये परकीयांच्या नोंदणीचा कायदा झाला. सप्टेंबरात युद्ध पेटले आणि भारतातल्या जर्मनांची धरपकड सुरू झाली. त्यांत हिटलरच्या छळातून निसटून आलेले ज्यूही होते. नात्सी राजवटीने त्यांच्या पारपत्रांवर ‘जे’ हे अक्षर उमटवले होते. इंग्रज सरकारने त्याच पारपत्रांवरून त्यांना ‘शत्रुराष्ट्रीय’ ठरवले.

८/ चौकशीनंतर पुष्कळांची सुटका झाली, पण १९४० मध्ये फ्रान्स कोसळताच अनेकांना पुन्हा पकडण्यात आले. पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यात कुटुंबांसाठी पॅरोल छावण्या होत्या. हिटलरचा समर्थक आणि हिटलरचा बळी यांना कायद्याने एकाच रांगेत उभे केले.

९/ त्याच युद्धकाळात सातारा जिल्ह्यातल्याच पाचगणीत क्षयग्रस्त पोलिश निर्वासितांवर उपचार चालू होते, आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासित आश्रयाला होते. हा आश्रय योग्यच होता. पण दोघांचेही घर युद्धाने हिरावले असताना एक पाहुणा आणि दुसरा बंदी ठरला, तो स्वतःच्या कृत्यामुळे नव्हे. कागदावरच्या देशाच्या नावामुळे.

१०/ युद्ध संपले, युद्धकालीन अधिकार मात्र संपले नाहीत. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने ते कायम केले. त्याचे कलम ९ नीट लक्षात ठेवा: आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच. सरकारने आरोप करावा आणि माणसाने तो खोडून काढावा! स्वतंत्र भारताने हा कायदा तसाच चालवला. १९५७ मध्ये ‘परकीय’ शब्दाची व्याख्या बदलली, पण भार जागच्या जागी राहिला.

११/ १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. १९२०, १९३९ आणि १९४६ चे कायदे रद्द झाले, याचा वसाहतवादाचा शेवट म्हणून गौरवही झाला. परंतु पुराव्याचा तो भार नव्या कायद्यातही आहे. जुन्या वाड्याची पाटी बदलली. तळघर तेच राहिले.

१२/ ‘मग काय, दारे सताड उघडी टाकायची?’ मुळीच नाही. महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्याने परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवावी, यावर माझा आक्षेप नाही. नोंद ठेवणे वेगळे आणि नोंद नसलेल्याला आधीच दोषी मानणे वेगळे. ज्या देशात असंख्य आजी-आजोबांजवळ जन्माचा दाखला नाही, तिथे हा भेद केवळ परदेशी पाहुण्यांपुरता उरत नाही.

१३/ म्हणून मित्रांनो, ‘हे पूर्वीपासूनच आहे’ असे कोणी म्हटले, तर दोन प्रश्न विचारा: कोणत्या सालापासून, आणि कोणाच्या सोयीसाठी? परकीयांची पारख अमात्यांनीही केली होती, पण ती वर्तनावरून. आपण ज्या वारशाचा अभिमान मिरवतो, त्याच्याशी १९४६ च्या कलम ९ चे काडीचेही नाते नाही.