अंगणात आरसा कशाला?

मंडळी, परवा आमच्या रांगेतल्या एका शेजाऱ्यांनी अंगणातली शहाबादी फरशी उखडून टेम्पोत भरली. तिथे आता चकचकीत टाइल्स बसणार. "सर, हल्ली शहाबादी कोण वापरतं? एस.टी. स्टँड वाटतं अगदी!" असे म्हणाले. मी हसून गप्प बसलो. तसे बसायला नको होते, म्हणून हे लिहितो आहे.

हीच चूक मी स्वतः केली आहे. कळंबोलीतल्या आमच्या बैठ्या घरापुढे जेमतेम दहा बाय बाराचे अंगण. मुलाच्या लग्नाआधी मी हौसेने जुनी फरशी काढून सिमेंटचा कोबा केला आणि वर गुळगुळीत टाइल्स लावल्या. फोटो छान आले! दोन वर्षांपूर्वी श्रावणात सौ. तुळशीपाशी गेली आणि घसरली. खुब्याचे हाड मोडले. आज ती वॉकर घेऊन चालते. गवंड्याला बोल लावणार नाही, मी सांगितले तेच त्याने केले.

आपला सह्याद्रीचा काळा दगड कठीण, त्याच्या फरश्या पाडणे कष्टाचे. शहाबादी पडली गाळाच्या थरांतून बनलेली चुनखडी. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून तिला हे नाव मिळाले. थरावर थर असल्याने तिच्या लाद्या सहज सुटतात आणि वरची बाजू मुळातच खरबरीत असते. निसर्गाने दिलेली ही पकड पॉलिश करून घालवायची आणि मग रबरी पायपुसणी अंथरायची, हा कुठला शहाणपणा?

दुसरा मुद्दा पाण्याचा. कळंबोली सखल भागात आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस या पट्ट्यात कोण विसरेल? तरीही आपण प्रत्येक फूट जमिनीवर सिमेंटचे झाकण घालतो आणि गटार तुंबले की नगरसेवकाच्या नावाने ओरडतो. फटींतून सगळा पाऊस मुरेल असा माझा दावा नाही. पण जे थोडे मुरेल तेवढे तरी गटारात जाणार नाही.

"सर, पण फरशी हलते, खचते." हलते, कारण नुसत्या मातीवर टाकतात! यंदा मी पुन्हा शहाबादी बसवली, ती अशी. सात इंच खणले. तळाची माती धुम्मसाने ठोकली. त्यावर मुरूम आणि खडी, ठोकून चार इंच. वर दीड इंच कच, आणि मग दीड इंच जाडीची फरशी. घरापासून बाहेर, पाच फुटांना एक इंच उतार. कडेची ओळ तेवढी सिमेंटात पक्की केली, म्हणजे बाकीच्या सरकत नाहीत. प्रत्येक फरशी रबरी हातोड्याने ठोकून ऐकली. पोकळ आवाज आला की उचलायची, खाली कच भरायचा, पुन्हा बसवायची. फटी पाव इंचाच्या, कचाने गच्च भरलेल्या. कडा एका पातळीत आहेत की नाहीत, हे मी सौ.चा वॉकर फिरवून तपासले. गवंडी हसला, पण तीन फरश्या त्याने पुन्हा बसवल्या!

उद्या खालची पाण्याची नळी फुटली तर दोन फरश्या उचलून काम होईल. टाइल्स असत्या तर छिन्नी आणि धूळ.

दोष आहेतच. पावसाळ्यात शेवाळ धरते, दर आठवड्याला खराटा मारावा लागतो. ॲसिड मात्र कधीच टाकू नका. चुनखडीला ते खाते. पेव्हर ब्लॉकही कचावर बसवले तर वाईट नाहीत, पण आपण खाली कोबा करून त्यांचाही गुण मारतो.

पुण्याहून धाकटा भाऊ विचारतो, "दादा, एवढ्याशा अंगणासाठी एवढा वाद?" होय. त्या एवढ्याशा अंगणात एक बाई पडली, आणि तिला पाडणारी हौस माझी होती.

असो. शेजाऱ्यांचा टेम्पो गेला, पण टाइल्स अजून आलेल्या नाहीत. आज संध्याकाळी त्यांना चहाला बोलावले आहे, अंगणातच.